पिस्तुलाचा नेम

द्रोणाचार्यांनी आपल्या शिष्यांची जी परीक्षा घेतली, ती कथा सर्वांच्या परिचयाची आहे. झाडावर एक कृत्रिम पक्षी बसविलेला होता. कोणाला झाड दिसले, कोणाला फांद्या दिसल्या, कोणाला शेजारी उभे असलेले बंधू आणि गुरुजीही दिसले. अर्जुनाला मात्र पक्ष्याचे मस्तक तेवढे दिसले आणि तो परीक्षेत उतरला. मूळ कथेतील त्या मस्तकाचा लोकांनी पुढे डोळा केला, आणि एकाग्रतेचा दाखला म्हणून तो डोळा घराघरांतून मुलांना सांगितला गेला. परंतु पिस्तुलाची नेमबाजी शिकविणाऱ्या एखाद्या गुरूने हीच परीक्षा घेतली, तर अर्जुन पहिल्याच प्रश्नाला नापास होईल! कारण पिस्तूल हाती धरणाऱ्याने पक्ष्याकडे पाहावयाचेच नसते. त्याने पाहावयाचे असते ते आपल्या शस्त्राच्या टोकाकडे.

हे विधान ऐकून श्रोत्यांना आश्चर्य वाटेल. पण त्याच्या मागचे गणित अगदी सोपे आहे. स्पर्धेतील पिस्तुलाच्या मागील टोकाशी एक चौकोनी खाच असते आणि पुढील टोकाशी एक बारीक खुंटी असते. या खुंटीला आपल्याकडील जुने लोक ‘माशी’ म्हणत. येथेही तोच शब्द योजणे सोयीचे आहे. माशी खाचेच्या बरोबर मध्यभागी दिसली पाहिजे, तिच्या दोन्ही बाजूंस सारखी प्रकाशाची फट राहिली पाहिजे, आणि तिचा माथा खाचेच्या माथ्याशी एका रेषेत आला पाहिजे. आता नेमबाजाने हात पुढे केला, म्हणजे खाच त्याच्या डोळ्यापासून दोनअडीच फुटांवर असते, माशी तिच्यापुढे फूटभराहून किंचित अधिक अंतरावर असते, आणि निशाण मात्र तब्बल दहा मीटर दूर असते. मनुष्याचा डोळा एका वेळी या तिहींपैकी एकच वस्तू स्पष्ट पाहू शकतो. निशाण स्पष्ट पाहावे, तर माशी धूसर होते. माशी स्पष्ट पाहावी, तर निशाणाचा नुसता काळा डाग उरतो. मग सोडावयाचे कोणाला?

याचे उत्तर दोन चुकांची तुलना केली म्हणजे मिळते. समजा, नेमबाजाचा हात थरथरला आणि पिस्तूल आहे तसेच, सरळ रेषेत, ५ मिलिमीटर बाजूला सरकले. छर्राही निशाणावर ५ मिलिमीटरच बाजूला लागेल. दहा मीटरच्या निशाणावरील दहा गुणांचे वर्तुळ साडेअकरा मिलिमीटर व्यासाचे असते आणि छर्रा साडेचार मिलिमीटर जाडीचा असतो. छर्‍याची कड वर्तुळाला नुसती स्पर्शली तरी वरचा गुण मिळतो. म्हणजे हात एवढा हलूनही दहा गुण पदरात पडतात. आता दुसरी चूक पाहा. हात स्थिर आहे, परंतु मनगट किंचित वळले आणि माशी खाचेत १ मिलिमीटर बाजूला गेली. खाच व माशी यांच्यातील अंतर सुमारे ३३ सेंटिमीटर. निशाण त्याच्या तीसपट दूर. म्हणून ही १ मिलिमीटरची चूक निशाणापर्यंत जाताना सुमारे ३० मिलिमीटरची होते, आणि दहाच्या जागी सात गुण मिळतात. पहिली चूक क्षम्य आहे, दुसरी नाही. म्हणून डोळ्याने पहारा द्यावयाचा तो माशीवर.

यातून आणखी एक गोष्ट ओघानेच येते. निशाण धूसरच दिसणार असल्यामुळे काळ्या वर्तुळाच्या ऐन मध्यावर नेम धरण्याचा हट्ट व्यर्थ ठरतो. काळ्यावर काळी माशी हरवते. म्हणून बहुतेक नेमबाज काळ्या वर्तुळाच्या खाली थोडी पांढरी जागा सोडून तेथे माशीचा माथा धरतात, आणि छर्रा मध्यावर जावा अशा बेताने खाच वरखाली करून ठेवतात. नवख्याला हे पटत नाही. त्याला वाटते, जेथे मारावयाचे तेथेच पाहिले पाहिजे. एवढी एक समजूत मोडण्यात कित्येकांचे पहिले सहा महिने जातात.

या खेळात गुण किती सूक्ष्म मापाने मोजतात, याचा दाखला अलीकडचाच आहे. २०२४ च्या जुलैमध्ये पॅरिस ऑलिंपिकच्या दहा मीटर पिस्तुलाच्या अंतिम फेरीत भारताच्या मनू भाकर हिने कांस्यपदक मिळविले. नेमबाजीत ऑलिंपिक पदक मिळविणारी ती पहिली भारतीय स्त्री. तिचे गुण झाले २२१.७, आणि तिच्या पुढे गेलेली कोरियाची किम ये-जी त्या क्षणी केवळ ०.१ गुणाने पुढे होती. अंतिम फेरीत गुण दशांशात मोजतात, आणि या निशाणावर एक दशांश म्हणजे ०.८ मिलिमीटर. दोन पदकांमधील अंतर एक मिलिमीटरही नव्हते! याच मुलीचे पिस्तूल २०२१ मध्ये टोकियोच्या प्राथमिक फेरीत बिघडले होते. दुरुस्तीत वेळ गेला आणि अंतिम फेरी हुकली. तीन वर्षांनी तिने पॅरिसहून एक नव्हे, दोन पदके आणली.

आता चापाकडे वळू. नेम कितीही अचूक असो, चाप ओढताना हात बिघडला की सगळे फुकट जाते. आणि पिस्तुलाच्या नेमबाजीतील बहुतेक अपयश येथेच जन्म घेते, असे म्हणण्यास हरकत नाही. दहा मीटरच्या पिस्तुलाचा चाप किमान ५०० ग्रॅमचा भार पेलणारा असावा असा नियम आहे; पंचवीस मीटरच्या पिस्तुलास तो १००० ग्रॅम आहे. पिस्तुलाचे स्वतःचे वजन साधारण किलोभर. म्हणजे जवळजवळ शस्त्राच्या वजनाइतका जोर एका बोटाने लावावयाचा, आणि शस्त्राला मात्र केसभरही हलू द्यावयाचे नाही. हे साधण्यासाठी बोट एकटे हलले पाहिजे; मूठ आवळली जाता कामा नये. बोटाच्या पहिल्या पेराचा मांसल भाग चापावर ठेवून, तो सरळ मागे, सारख्या व वाढत्या दाबाने ओढावयाचा असतो.

आणि येथेच मन दगा देते. मनुष्याचा हात पूर्ण स्थिर कधीच राहत नाही. जगज्जेत्याचाही राहत नाही. माशी त्या पांढऱ्या जागेत सारखी डोलत असते. डोलता डोलता ती अगदी योग्य जागी आली की मन म्हणते, ‘आता!’ आणि बोट झटक्याने चाप ओढते. त्या झटक्यासरशी मनगट खाली जाते. उजव्या हाताच्या नेमबाजाचे छर्रे डाव्या बाजूस खाली पडू लागले, तर अनुभवी शिक्षक निशाण पाहूनच सांगतो की मुलगा चाप हिसकतो आहे. यावर उपाय एकच. डोलणे हे मान्य करावयाचे. माशी त्या लहानशा प्रदेशात फिरू द्यावी, खाच व माशी यांचे नाते मात्र बिघडू देऊ नये, आणि दाब न थांबता वाढवीत जावा. बार केव्हा झाला हे नेमबाजालाही काहीसे अनपेक्षित वाटले पाहिजे. वर सांगितलेले गणित येथे उपयोगी पडते: डोलण्याने गेलेला छर्रा नऊ-दहाच्या आत राहतो, हिसक्याने गेलेला सातावर जातो.

शिक्षक लोक यासाठी एक गमतीची युक्ती करतात. पंचवीस मीटरच्या पिस्तुलात ते शिष्याच्या नकळत खऱ्या काडतुसांमध्ये एखाददुसरे पोकळ काडतूस मिसळतात. शिष्य चाप ओढतो. बार होत नाही. पण पिस्तुलाचे तोंड मात्र सपकन खाली जाते! बाराच्या आधीच हात धक्क्याची तयारी करीत होता, हे त्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसते. दहा व्याख्यानांनी जे होत नाही ते या एका फजितीने होते.

घरचा सराव याहून साधा आहे. पांढऱ्या कोऱ्या भिंतीसमोर उभे राहावे, पिस्तूल रिकामे असल्याची दोनदा खात्री करावी, आणि कोरा चाप ओढावा. भिंतीवर निशाण नसल्याने डोळ्याला माशीवाचून दुसरे पाहण्यासारखे काही उरत नाही. चाप सुटताना ती जराही उडाली तर लगेच कळते. आणि चाप सुटल्यावरही दोनतीन क्षण हात तसाच ठेवून माशीकडे पाहत राहण्याची सवय लावावी. छर्रा नळीतून बाहेर पडण्यास काही सहस्रांश सेकंद लागतात. तेवढ्यात हात ढिला पडला तर आधी केलेले सर्व वाया जाते. नामांकित नेमबाज छर्‍यांइतकेच, किंबहुना अधिक, कोरे बार करतात. खेळ पाहणाऱ्याला यात काहीच रस वाटणार नाही, हे खरे आहे.

उभे राहण्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यातील सार थोडे आहे. डोळे मिटून हात वर करावा, आणि मग डोळे उघडून तो कोठे आला ते पाहावे. तो निशाणाच्या बाजूला गेला असेल तर हात ओढून आणू नये, मागचा पाय सरकवावा. रिकामा हात खिशात किंवा पट्ट्यात अडकवावा. श्वास घेऊन अर्धा सोडावा आणि क्षणभर थांबवावा. सातआठ सेकंदांत बार झाला नाही तर मुकाट्याने हात खाली घ्यावा. थांबलेल्या श्वासाबरोबर डोळाही थकतो, माशीची कड विरघळू लागते, आणि तरीही ‘एवढा एक मारूच’ म्हणणारा नेमबाज हमखास फसतो. साठ बार मारावयाचे आणि त्यासाठी सव्वा तास मिळतो. हात खाली घेण्यास वेळ मुबलक असतो. मात्र किलोभर वजन एका हाताने शंभर वेळा वर उचलण्यास खांदा, कोपर व मनगट यांत बळ हवे. कोल्हापूरच्या राही सरनोबत हिला कोपराच्या दुखापतीने दीर्घकाळ मागे ठेवले होते; त्यानंतर २०१८ च्या आशियाई क्रीडास्पर्धांत पंचवीस मीटर पिस्तुलात तिने सुवर्णपदक मिळविले, तेही बरोबरी झाल्यावर एकामागून एक दोन निर्णायक फेऱ्या खेळून.

छातीतील धडधड हा या खेळाचा जुना वैरी. ती मंद करणारी औषधे आहेत आणि म्हणूनच ती येथे निषिद्ध आहेत. २००८ मध्ये बीजिंगला उत्तर कोरियाच्या किम जोंग-सू याने पिस्तुलात मिळविलेली दोन्ही पदके अशाच एका औषधामुळे परत घेण्यात आली. उत्साहवर्धक औषधे घेऊन धावणारे सर्वांनी ऐकले आहेत. मन शांत करणारे औषध घेऊन पकडला जाणारा खेळाडू नेमबाजीसारख्या खेळातच सापडावयाचा.

इतके नियम सांगितले. आता ज्याला ते सर्व दोनदा शिकावे लागले, त्याची हकीगत सांगितली पाहिजे.

कारोय ताकाच हा हंगेरीच्या सैन्यातील एक साधा हवालदार. १९१० मध्ये बुडापेस्ट शहरी त्याचा जन्म झाला. पिस्तुलात त्याचा हात असा बसला होता की १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकला तो जाणार हे सर्वांनी गृहीत धरले होते. परंतु त्या वेळी हंगेरीच्या संघात केवळ सनदी अधिकाऱ्यांनाच घेत. हवालदाराला तेथे स्थान नव्हते. नेम चुकला म्हणून नव्हे, खांद्यावर फीत नाही म्हणून तो घरी राहिला. पुढे हा निर्बंध उठला. १९४० च्या ऑलिंपिकवर त्याने डोळा ठेवला. आणि १९३८ मध्ये, सैन्याच्या कवायतीत, एक सदोष हातबाँब त्याच्या उजव्या हातातच फुटला. तोच हात, ज्याने तो पिस्तूल धरी.

महिनाभर तो रुग्णालयात होता. वय अठ्ठावीस. बाहेर आल्यावर त्याने कोणालाही न सांगता डाव्या हाताने सराव सुरू केला. यात काय काय आले, याची कल्पना उजव्या हाताने जेवणाऱ्याने एकदा डाव्या हाताने घास घेऊन पाहिला म्हणजे थोडीशी येईल. मूठ नवी, चापावरचे बोट नवे, पायांची ठेवण उलटी, खांदा कोवळा. ज्या बोटाने वर्षानुवर्षे दाब वाढविण्याची कला आत्मसात केली ते गेले होते, आणि दुसऱ्या हाताचे बोट नवख्याइतकेच अडाणी होते. परंतु माशीकडे पाहणारे मन आणि डोलणे मान्य करणारे धैर्य हातात नसते. ते शाबूत होते. १९३९ च्या वसंतात राष्ट्रीय स्पर्धेच्या ठिकाणी तो आला तेव्हा जुने सोबती सांत्वन करू लागले. बिचारा खेळ पाहावयास आला आहे असा त्यांचा समज झाला. तो खेळावयास आला होता. त्याने ती स्पर्धा जिंकली.

दैव अजून थकले नव्हते. युद्ध आले, १९४० चे ऑलिंपिक झाले नाही, १९४४ चेही झाले नाही. १९४८ मध्ये लंडन ऑलिंपिक भरले तेव्हा ताकाच अडतीस वर्षांचा होता. त्याचा प्रकार द्रुतगती पिस्तुलाचा. पंचवीस मीटरवर पाच निशाणे एका ओळीत उभी. प्रत्येकावर एकेक गोळी. आणि सर्वांत कठीण फेरीत त्या पाच गोळ्यांना मिळून चारच सेकंद! वर सांगितलेला संथ दाब, अनपेक्षित बार, हात खाली घेण्याची मुभा, यांतील काहीही येथे सवडीने करता येत नाही. हात खाली झुकलेला असतो; निशाण समोर आले की तो उचलावयाचा, आणि उचलतानाच चापाचा पहिला ढिला भाग ओढून घ्यावयाचा. माशी निशाणावर पोचते त्याच क्षणी पहिला बार व्हावा लागतो. मग दुसऱ्या निशाणाकडे हात वळवावयाचा नाही. कंबरेतून सारे अंग वळते आणि हात अंगाबरोबर जातो. हात वळविला की माशी खाचेत सरकली आणि ते तीसपटीचे गणित पंचवीस मीटरवर आणखी निष्ठुर होते.

अर्जेंटिनाचा कार्लोस एन्रिके दियास साएंस वालिएंते हा त्या वेळचा जगज्जेता. स्पर्धेपूर्वी त्याने ताकाचला पाहिले आणि येथे कशासाठी येणे झाले, असे नवलाने विचारले. ताकाचने उत्तर दिले की तो शिकावयास आला आहे. त्यानंतर ताकाचने डाव्या हाताने ५८० गुणांचा विश्वविक्रम केला. जगज्जेत्याचे ५७१ झाले. पदकाच्या वेळी दियासने त्याला पुरेसे शिकून झाल्याची कबुली दिली, असे सांगतात. ही गोष्ट आता इतक्यांदा सांगितली गेली आहे की तिच्यावर थोडी झिलई चढली असावी. पण गुणांचे आकडे झिलईचे नाहीत. चार वर्षांनी हेलसिंकीस ताकाचने ५७९ गुणांनी पुन्हा सुवर्णपदक घेतले. या वेळी दुसरा आला तो त्याचाच देशबांधव सिलार्द कुन, फक्त एका गुणाने मागे. आणि या कुनला शिकविणाराही ताकाचच होता.

लंडनला १९४८ मध्ये जेथे ही गोष्ट घडली, त्याच शहराच्या ऑलिंपिकमध्ये चौसष्ट वर्षांनी याच प्रकारात एका भारतीय सैनिकाने पदक मिळविले. विजयकुमार हा मूळचा हिमाचल प्रदेशाचा, सैन्यातील सुभेदार. पण त्याचा हात घडला तो इंदूरपासून जवळच, महूच्या लष्करी नेमबाजी केंद्रात. माळव्यातील मराठी माणसाला महूची छावणी नवी नाही. तिच्या आवारात वर्षानुवर्षे हा पाच निशाणांचा आणि चार सेकंदांचा खेळ चालू असतो हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असेल. २०१२ च्या अंतिम फेरीचे नियम ताकाचच्या काळापेक्षा वेगळे होते. आता गोळी ९.७ वा अधिक गुणांच्या वर्तुळात गेली तर एक, नाही तर शून्य. थोडक्यात हुकली तरी पदरात काही नाही. प्रत्येक वेळी पाच गोळ्या, चार सेकंद. क्यूबाच्या लेउरिस पुपो याने चाळीसपैकी ३४ वेळा वेध घेतला. विजयकुमारने ३० वेळा घेतला आणि रौप्यपदक मिळविले. चीनच्या डिंग फेंगचे २७ झाले.

ताकाच १९५६ मध्ये मेलबर्नलाही गेला. तेव्हा त्याचे वय सेहेचाळीस होते. तेथे तो आठवा आला. त्यानंतर तो सैन्यात राहिला, शिष्यांना शिकवीत राहिला, आणि १९७६ मध्ये वारला.